यूकेत नोकरीही आणि स्वतःचा धंदाही: नॅशनल इन्शुरन्सचा हिशेब कसा लावायचा

यूकेत नोकरी करता करता कोणी शनिवार-रविवारचे डबे सुरू करतं, कोणी संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेतं, कोणी वेबसाइटची कामं करून देतं. पहिल्या वर्षी गाडी सुरळीत चालते. दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत एचएमआरसीचं, म्हणजे यूकेच्या कर खात्याचं, बिल येतं आणि मग विचारपूस सुरू होते: पगारातून एनआय (नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पेन्शन आणि सरकारी भत्त्यांसाठीची वर्गणी) दर महिन्याला कापला जातोच आहे, मग हा पुन्हा कसला?

उत्तर सोपं आहे. नोकरीचा एनआय आणि धंद्याचा एनआय ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हींचे दर वेगळे, मोजण्याची पद्धत वेगळी, भरण्याची तारीखही वेगळी. ती एकमेकांना भेटतात फक्त दोन ठिकाणी: एक, दोन्ही मिळून भराव्या लागणाऱ्या रकमेच्या कमाल मर्यादेत, आणि दोन, पेन्शनसाठी वर्ष मोजलं जातं की नाही यात.

खालचे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत, म्हणजे ६ एप्रिल २०२५ ते ५ एप्रिल २०२६. यातल्या १२,५७० आणि ५०,२७० पौंड या दोन मुख्य मर्यादा गोठवलेल्या आहेत, त्यामुळे त्या लवकर हलणार नाहीत. छोट्या मर्यादा आणि आठवड्याचे दर मात्र दर एप्रिलला बदलतात, तेवढे गव्ह डॉट यूके या सरकारी वेबसाइटवर पाहून घ्या.

सुरुवातीआधी: व्हिसा आणि कामाचं स्वरूप

स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. ऑनलाइन शिकवणी किंवा फ्रीलान्स कामही त्यात आलं, मग पैसे कितीही थोडे असोत. ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगार चालतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर जोडकामाला कडक अटी आहेत, म्हणून त्यांनी पहिलं बिल फाडण्याआधी आपल्या व्हिसाच्या अटी वाचाव्यात आणि शंका असेल तर इमिग्रेशन सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्यावं. कराचा घोळ पैसे भरून निस्तरता येतो, व्हिसाचा येत नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही खरंच 'सेल्फ-एम्प्लॉइड' आहात का ते तपासा. अम्ब्रेला कंपनीमार्फत (कंत्राटी कामाचा पगार काढून देणारी मधली कंपनी) काम करणारा हा कर्मचारीच असतो. स्वतःची लिमिटेड कंपनी काढून तिचा डायरेक्टर झालेला माणूसही कंपनीचा कर्मचारी धरला जातो आणि त्याच्या पगाराला क्लास १, म्हणजे नोकरदाराचा एनआय, लागतो. हा लेख 'सोल ट्रेडर' म्हणून, म्हणजे स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्यांसाठी आहे.

पायरी १: पगाराच्या स्लिपवरचा एनआय समजून घ्या

नोकरदाराचा एनआय म्हणजे क्लास १. महिन्याच्या पगारातल्या पहिल्या १,०४८ पौंडांवर काही नाही; तिथून ४,१८९ पर्यंत ८ टक्के; त्यापुढे २ टक्के. मालक त्याच्या खिशातून वेगळे १५ टक्के भरतो, त्याचा तुमच्या हिशेबाशी संबंध नाही. स्लिपवर एनआयच्या रकान्याशेजारी एक अक्षर असतं, बहुतेकांचं 'ए'. वेगळं दिसलं तर पेरोलला विचारा.

इथे नवीन माणूस हमखास फसतो. इन्कम टॅक्स वर्षभराचा एकत्र मोजला जातो. क्लास १ दर पगाराला स्वतंत्र मोजला जातो. समजा तुम्ही जानेवारीत आलात आणि एप्रिलपूर्वी तीन महिने ३,००० पौंड पगार घेतला. वर्षाची कमाई ९,००० झाली, म्हणजे १२,५७० च्या आत. इन्कम टॅक्स कापला गेला असेल तर परत मिळेल. एनआय मात्र दर महिन्याला १,९५२ पौंडांवर ८ टक्के, म्हणजे १५६ पौंड १६ पेन्स, तीन वेळा कापला गेला, तो कापलेलाच राहतो. ती चूक नसते, नियमच तसा आहे. त्यासाठी एचएमआरसीच्या फोनवर तासभर घालवू नका.

दोन नोकऱ्या असतील तर प्रत्येक मालकाकडे ही मर्यादा नव्याने लागू होते. दोन्ही पगार मिळून आठवड्याला १,२०९ पौंडांच्या वर जात असतील, तर 'सीए७२ए' हा फॉर्म भरून एका नोकरीत ८ ऐवजी २ टक्के लावून घेता येतात.

पायरी २: धंद्याची नोंदणी

एका करवर्षात धंद्याची एकूण उलाढाल (नफा नव्हे, आलेले एकूण पैसे) १,००० पौंडांच्या वर गेली की सेल्फ असेसमेंटसाठी, म्हणजे आपला कर आपणच रिटर्न भरून कळवण्यासाठी, नोंदणी करावी लागते. मुदत असते करवर्ष संपल्यानंतरची ५ ऑक्टोबर. २०२५-२६ मध्ये सुरुवात केली असेल तर ५ ऑक्टोबर २०२६. नोंदणी गव्ह डॉट यूकेवर फुकट होते. त्यानंतर टपालाने दहा आकडी यूटीआर, म्हणजे करदात्याचा ओळख क्रमांक, येतो. त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून जानेवारीपर्यंत थांबू नका.

नॅशनल इन्शुरन्स नंबर आधीपासून असायला हवा. तो दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी एक अक्षर असा असतो. नोकरीसाठी घेतलेलाच धंद्यालाही चालतो, आयुष्यभर एकच. तो मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका, सरकारी अर्ज मोफत आहे.

डबे किंवा फराळ विकणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंदणी आहे. घरच्या स्वयंपाकघरातून अन्न विकायचं असेल तर धंदा सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे 'फूड बिझनेस' म्हणून नाव नोंदवावं लागतं. तीही मोफत आहे. एचएमआरसीची नोंदणी केली म्हणून ही होत नाही.

'रोख घेतो, कोणाला कळतंय' हा सल्ला समाजात फिरत असतो. ऐकू नका. ऑनलाइन प्लॅटफॉर्म आता विक्रेत्यांची आणि चालकांची कमाई एचएमआरसीला कळवतात. पहिले अहवाल जानेवारी २०२५ मध्ये गेले.

पायरी ३: नफा काढा

धंद्याचा एनआय उलाढालीवर नसून नफ्यावर लागतो. उलाढालीतून धंद्याचा खर्च वजा करा, किंवा खर्चाऐवजी सरसकट १,००० पौंडांची 'ट्रेडिंग अलाउन्स' घ्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत. शिकवणीवाल्याचा खर्च नगण्य असतो, त्याला अलाउन्स फायद्याची; डबेवाल्याला पावत्या.

पावत्या म्हणजे नेमकं काय? डब्यांच्या धंद्यात किराणा, डबे-झाकणं, गॅस-विजेचा धंद्यापुरता वाटा, डिलिव्हरीसाठी स्वतःची गाडी वापरली तर पहिल्या १०,००० मैलांपर्यंत मैलाला ४५ पेन्स. घरचं आणि धंद्याचं वाणसामान एकाच पावतीवर आलं की वर्षअखेरी ते वेगळं करणं जिकिरीचं होतं. दुकानात दोन वेगळी बिलं करून घ्या आणि धंद्याला वेगळं बँक खातं ठेवा.

तोटा झाला तर त्याने नोकरीतला क्लास १ कमी होत नाही. पण तो तोटा तुम्ही पगारावरच्या इन्कम टॅक्ससाठी वापरलात, तरी पुढच्या वर्षांच्या क्लास ४ साठी (धंद्याचा एनआय, पुढच्या पायरीत पाहू) शिल्लक राहतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. त्याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवा.

पायरी ४: धंद्याचा एनआय

पूर्वी इथे क्लास २ आणि क्लास ४ असे दोन प्रकार भरावे लागत. ६ एप्रिल २०२४ पासून क्लास २ ची सक्ती गेली. उरला क्लास ४: नफ्यातल्या पहिल्या १२,५७० पौंडांवर शून्य, तिथून ५०,२७० पर्यंत ६ टक्के, पुढे २ टक्के.

आता नीट लक्ष द्या. इन्कम टॅक्सची १२,५७० ची करमुक्त रक्कम माणसाला एकदाच मिळते आणि ती बहुतेकदा पगारातच संपते, म्हणून धंद्याच्या पहिल्या पौंडापासून इन्कम टॅक्स लागतो. एनआयची १२,५७० ची मर्यादा मात्र धंद्याला वेगळी मिळते. त्यामुळे पगार कितीही असो, धंद्याचा नफा १०,००० असेल तर क्लास ४ शून्य.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. लेस्टरमध्ये नोकरी, पगार ३५,०००. बाजूला डब्यांचा धंदा: उलाढाल २७,४००, खर्च ७,४००, नफा २०,०००.

पगारातून वर्षभरात क्लास १ कापला गेला सुमारे १,७९४ पौंड, आणि इन्कम टॅक्स ४,४८६. हे तुम्ही हातात घेतलेलेच नाहीत.

धंद्यावर क्लास ४: २०,००० वजा १२,५७० म्हणजे ७,४३०, त्याचे ६ टक्के ४४५ पौंड ८० पेन्स.

धंद्यावर इन्कम टॅक्स: ३५,००० पासून ५०,२७० पर्यंतच्या १५,२७० वर २० टक्के, म्हणजे ३,०५४. उरलेल्या ४,७३० वर ४० टक्के, म्हणजे १,८९२. एकूण ४,९४६. स्कॉटलंडमध्ये इन्कम टॅक्सचे दर वेगळे आहेत, एनआय सगळीकडे सारखा.

म्हणजे धंद्याचं बिल ५,३९१ पौंड ८० पेन्स. एनआयच्या नावाने ओरड होते, पण बिलातला मोठा भाग इन्कम टॅक्सचाच असतो.

पायरी ५: दोन्ही मिळून जास्त तर भरत नाही ना?

पगार चांगला आणि नफाही चांगला असेल तर क्लास ४ वर वार्षिक कमाल मर्यादा लागते. तिचा पाया असा: ५०,२७० वजा १२,५७० म्हणजे ३७,७००, त्याचे ६ टक्के २,२६२ पौंड. तुमच्या पगारातला ८ टक्क्यांच्या दराने कापलेला क्लास १ आणि नफ्यावरचा ६ टक्क्यांचा क्लास ४ यांची बेरीज करा. ती २,२६२ च्या आत असेल तर सवलतीचा प्रश्न येत नाही.

वरच्या उदाहरणात १,७९४ अधिक ४४६ म्हणजे २,२४०. थोडक्यात हुकलं. एकूण कमाई ५५,००० आहे, ५०,२७० च्या वर आहे, तरीही सवलत नाही, कारण पगाराला आणि धंद्याला प्रत्येकी १२,५७० ची सूट आधीच मिळालेली आहे. 'एकूण कमाई ५०,००० च्या वर गेली की क्लास ४ फक्त २ टक्के' हे सरसकट सांगितलं जातं, ते चूक आहे.

पगारच ५५,००० असेल तर चित्र बदलतं. क्लास १ चा ८ टक्क्यांचा भागच ३,०१६ पौंड होतो, मर्यादा तिथेच ओलांडली. मग २०,००० च्या नफ्यातल्या ७,४३० वर ६ ऐवजी २ टक्केच लागतात, म्हणजे ४४५ पौंड ८० पेन्सऐवजी १४८ पौंड ६० पेन्स. फरक २९७ पौंड २० पेन्स.

रिटर्नमध्ये पगार आणि कापलेला कर भरायचा असतो. कापलेला एनआय तिथे विचारत नाहीत. तो आकडा मालकाकडून एचएमआरसीकडे गेलेला असतो आणि रिटर्न भरल्यावर किती क्लास ४ देय आहे ते एचएमआरसी कळवतं. तरी मालकाकडून ३१ मेपर्यंत मिळणारा पी६० हा वर्षाच्या पगाराचा दाखला हातात ठेवा, त्यावर वर्षाचा एनआय छापलेला असतो. वरची बेरीज मर्यादेच्या बरीच पुढे गेली आणि हिशेबात क्लास ४ तरीही पूर्ण ६ टक्क्यांनी लागलेला दिसला, तर तसाच भरून गप्प बसू नका. पी६० आणि हिशेब जोडून फेरतपासणी मागा.

पायरी ६: पेन्शनचं वर्ष

पूर्ण नव्या स्टेट पेन्शनसाठी साधारणपणे ३५ वर्षांचा भरणा लागतो, काहीतरी मिळण्यासाठी किमान १० वर्षांचा. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३० पौंड २५ पेन्स आहे, म्हणजे मोजलं गेलेलं प्रत्येक वर्ष पुढे वर्षाला साधारण ३४२ पौंड देतं.

एकाच नोकरीत वर्षाला ६,५०० पौंड मिळत असतील तर ते वर्ष तुमच्या नावावर लागलं, मग प्रत्यक्ष एनआय कापला गेला नसला तरीही. धंद्याचा नफा ६,८४५ किंवा जास्त असेल तर क्लास २ न भरताही 'भरला' असं धरलं जातं आणि वर्ष लागतं. वर्ष एकदाच लागतं. नोकरी आणि धंदा दोन्हीकडून पात्र ठरलात म्हणून दोन वर्षं होत नाहीत.

म्हणूनच चांगली नोकरी असलेल्याने कमी नफ्याच्या धंद्यावर ऐच्छिक क्लास २ भरणं म्हणजे पैसे पाण्यात. रिटर्नमध्ये तो पर्याय समोर येतो आणि भरलेला बरा असं वाटून लोक खूण करतात. आधी एचएमआरसीच्या ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये आपलं एनआय रेकॉर्ड उघडा; त्या वर्षासमोर 'फुल इयर' लिहिलेलं असेल तर भरू नका. तुम्ही खूण केलेली नसताना बिलात क्लास २ दिसला, तर तेही विचारल्याशिवाय भरू नका.

उलट परिस्थिती अर्धवेळ काम करणाऱ्यांची, त्यातही मुलं सांभाळून दोन-तीन ठिकाणी थोडं थोडं काम करणाऱ्या बायकांची. दोन नोकऱ्यांत आठवड्याला प्रत्येकी ११० पौंड मिळतात. दोन्ही मिळून २२०, पण वर्षाची पात्रता ठरवताना आठवड्याच्या १२५ पौंडांखालची नोकरी मोजलीच जात नाही आणि दोन्हींची बेरीजही होत नाही. वर्षभर राबूनही या नोकऱ्यांमधून रेकॉर्डवर काहीच लागत नाही. वर मेहंदी किंवा शिलाईचा धंदा असेल आणि नफा ६,८४५ च्या आत असेल आणि ते वर्ष रेकॉर्डवर खरंच कोरं असेल, तर इथे ऐच्छिक क्लास २ जरूर भरा: आठवड्याला साडेतीन पौंड, म्हणजे ५२ आठवड्यांचे १८२. धंदा नोंदलेला नसेल तर तेच वर्ष क्लास ३ ने (कोरी वर्षं भरून काढायचा दुसरा ऐच्छिक प्रकार) भरून काढायला आठवड्याला १७ पौंड ७५ पेन्स, वर्षाला ९२३ पडतात. इतक्या फरकासाठी छोटा धंदाही नोंदवून ठेवणं केव्हाही शहाणपणाचं. क्लास २ चा उपयोग मॅटर्निटी अलाउन्ससाठीही होतो. क्लास ४ भरून मात्र कुठलाच हक्क मिळत नाही.

पायरी ७: रिटर्न, पैसे आणि तो पहिला जानेवारी

ऑनलाइन रिटर्न आणि पैसे, दोन्हींची मुदत ३१ जानेवारी. २०२५-२६ साठी ३१ जानेवारी २०२७. कागदी रिटर्नची मुदत आधीची, ३१ ऑक्टोबर. एक दिवस उशीर झाला तरी १०० पौंड दंड. तीन महिने उलटले की रोज १० पौंड, कमाल ९००.

धक्का बसतो तो 'पेमेंट ऑन अकाउंट'मुळे. बिल १,००० पौंडांच्या वर असेल आणि तुमच्या एकूण कराचा ८० टक्क्यांहून जास्त भाग पगारातून आधीच कापला गेलेला नसेल, तर पुढच्या वर्षासाठी याच बिलाचे अर्धे अर्धे दोन हप्ते आगाऊ मागितले जातात: एक ३१ जानेवारीला, दुसरा ३१ जुलैला. लेस्टरच्या उदाहरणात पहिल्या जानेवारीत भरायचे ५,३९१.८० अधिक २,६९५.९०, म्हणजे ८,०८७ पौंड ७० पेन्स. जुलैत आणखी २,६९५.९०. हे आगाऊ पैसे पुढच्या बिलातून वळते होतात, पण त्या दिवशी खात्यात असावे तर लागतात.

म्हणून धंद्याचे पैसे आले की त्यातला नफ्याचा वाटा ओळखून लगेच वेगळ्या खात्यात टाका. एकूण कमाई ५०,२७० च्या आत राहणार असेल तर नफ्याचे २६ टक्के पुरतात, २० करासाठी आणि ६ एनआयसाठी. त्यापुढच्या नफ्याचे ४६ टक्के बाजूला काढा. पहिल्या वर्षी पुढच्या वर्षाच्या आगाऊ हप्त्यासाठी याच्या दीडपट ठेवलं तर उसनवारी करावी लागत नाही. पुढच्या वर्षी धंदा कमी होणार हे नक्की असेल तर आगाऊ हप्ते कमी करून मागता येतात. अंदाज चुकला तर फरकावर व्याज लागतं.

बँकेतून पैसे पाठवताना संदर्भ म्हणून यूटीआरचे दहा आकडे आणि त्यापुढे 'के' लिहा. 'के' राहिला की पैसे भलत्याच ठिकाणी अडकतात.

२०२४-२५ च्या रिटर्नमध्ये धंद्याची आणि भाड्याची मिळून उलाढाल ५०,००० च्या वर असेल, तर ६ एप्रिल २०२६ पासून दर तीन महिन्यांनी सॉफ्टवेअरमधून हिशेब पाठवावा लागतो. एप्रिल २०२७ पासून ही मर्यादा ३०,००० आणि एप्रिल २०२८ पासून २०,०००. पगार यात धरत नाहीत.

भारतात परतायचं असेल तर

भारतात भरलेल्या पीएफची वर्षं इथल्या पेन्शनच्या दहा वर्षांत मोजली जात नाहीत. आठ-नऊ वर्षं झाली असतील तर परतीचं तिकीट काढण्याआधी एनआय रेकॉर्ड डाउनलोड करा आणि कुठलं वर्ष अर्धवट आहे ते पाहा. साधारणपणे मागच्या सहा वर्षांपर्यंतची तूट भरता येते. परदेशात राहिलेल्या काळासाठी स्वस्त क्लास २ भरण्याची सोय ६ एप्रिल २०२६ पासून बंद करण्याचं नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झालं, तेव्हा जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. पेन्शन पुण्या-नाशिकच्या पत्त्यावरही मिळते, पण भारतात राहणाऱ्याला तिची दरवर्षीची वाढ मिळत नाही. सुरुवातीला जी रक्कम ठरली, तीच कायम.

ज्या वर्षी यूके सोडाल त्या वर्षाचं शेवटचं रिटर्न भरावंच लागतं. देश सोडल्याचं 'एसए१०९' या पुरवणीत लिहायचं असतं, आणि ही पुरवणी एचएमआरसीच्या मोफत ऑनलाइन सेवेत भरता येत नाही. एक तर बाजारातलं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, नाहीतर कागदी रिटर्न, आणि कागदी म्हटलं की मुदत ३१ ऑक्टोबर. तेव्हा निघतानाच पी४५ (नोकरी सोडताना मालक देतो तो पगार-कराचा दाखला), पावत्या, यूटीआरचं पत्र आणि ऑनलाइन खात्याचे लॉगिन सोबत घ्या. लॉगिनचा सुरक्षा कोड यूकेच्या मोबाइल नंबरवर येत असेल, तर तो नंबर बंद करण्याआधी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर बदलून घ्या.